नदीचा उंबरठा



परवा गुणाकाराच्या तासाला एक मुलगा उभा राहिला. मला वाटलं, हातच्याचा घोळ झाला असेल. पण त्यानं भलतंच विचारलं. "सर, काकाच्या बोअरले गोड पानी लागलं अन् आमच्या बोअरले खारं. असं काऊन? मधात तं एक धुराच हाय!"

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या वऱ्हाडातल्या वाचकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगितलं.

माझी शाळा बुलडाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी आणि मध्ये सपाट काळी जमीन. या पट्ट्याला सगळे 'खारपाणपट्टा' म्हणतात. अकोला, अमरावती आणि आमचा बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. दिसायला जमीन सोन्यासारखी, पण खालचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या मुलाच्या वडिलांनी मागच्या उन्हाळ्यात घरातलं सोनं गहाण ठेवून बोअर घेतला. पाणी लागलं, पण खारं. आता ते दुसरा बोअर घ्यायचा म्हणतात आणि जागा कुठली निवडायची यावरून घरात रोज वाद होतो. म्हणजे प्रश्न विचारणारा काही गंमत म्हणून विचारत नव्हता.

आणि मी काय केलं? पटकन उत्तर देऊन टाकलं! म्हटलं, "अरे, नदीनं हजारो वर्षं गाळ आणून टाकला. त्याचे थर एकावर एक बसले. पोळ्यांची चळत असते ना, तसे." मी मोठ्या ऐटीत फळ्यावर चळतही काढली. मुलगा खाली बसला, पण लगेच पुन्हा उठला. "मंग सर, चळत एकच हाय तं काकाच्या पोळीले अन् आमच्या पोळीले मीठ येगळं कसं?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण मनात म्हटलं, गुरुजी, चुकलात! पोळ्यांची चळत हे उत्तरच नव्हे. मग आठ दिवस मी पुस्तकं चाळली आणि नवव्या दिवशी आम्ही शाळेच्या पडवीत एक उद्योग केला. आज तोच तुम्हाला सांगणार आहे. तुम्हीही करून बघा.

आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर. त्याची खालची पत्र्याची टाकी तुम्ही पाहिली असेलच. तिच्या तळाशी पाणी सोडायला एक भोक असतं आणि त्याला बूच असतं. शाळेतला एक मोडका कूलर अडगळीत पडला होता, त्याची टाकी आम्ही घेतली. भोकाच्या उलट्या बाजूला रेती आणि चाळलेली माती मिसळून उताराचा ढीग रचला. हा झाला आपला डोंगर. भोकाच्या बाजूला अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरलं. हा झाला समुद्र. मग डब्याला खिळ्यानं भोक पाडलं आणि डोंगराच्या माथ्यावर बारीक धार धरली. ही झाली नदी.

धार निघाली, तिनं उतारावर चर पाडला, रेती-माती उचलली आणि पाण्याच्या काठाशी आली. आता बघा हं, इथं काय होतं ते. काठाशी येताच धारेचा जोर संपतो. जड रेती तिथंच खाली बसते आणि हळूहळू सुपासारखा आकार तयार होतो. हलकी माती मात्र ढगासारखी पुढे जाते आणि खोल पाण्यात सावकाश बसते. रेती काठाशी, चिखल लांब. हे सूप म्हणजेच भूगोलाच्या पुस्तकातला त्रिभुज प्रदेश. आम्ही धार चालूच ठेवली. सूप पुढे पुढे सरकलं आणि आधी बसलेल्या चिखलावर रेती चढली.

मग मी त्या मुलालाच बूच काढायला सांगितलं. पाणी चार बोटं उतरलं आणि पोरं ओरडलीच. नदीनं एवढ्या मेहनतीनं बांधलेलं सूप ती स्वतःच फोडायला लागली! मधोमध खोल चर पडला. चरातली रेती वाहून आणखी पुढे, खालच्या नव्या काठाशी गेली आणि तिथं दुसरं लहान सूप तयार झालं. जुनं सूप वरती कोरडं राहिलं, एखाद्या पडक्या गढीसारखं.

लक्षात आलं ना? डोंगर तोच, धार तेवढीच, रेतीही तीच. बदललं ते फक्त खालचं पाणी. नदीला जिथवर उतरायचं असतं, त्या पातळीला अभ्यासक 'आधारपातळी' म्हणतात. आम्ही वर्गात तिला नदीचा उंबरठा म्हणतो. उंबरठा खाली गेला की नदी खोदते. उंबरठा वर आला की नदी टाकते, म्हणजे भर घालते.

वर आला की काय होतं, तेही आम्ही पाहिलं. बूच लावलं, पाणी पुन्हा हळूहळू चढवलं. या वेळी रेतीत विटेचा लाल भुगा मिसळला होता. (ही युक्ती माझी नाही हं, चौथीतल्या एका मुलीची.) पाणी आधी त्या चरात शिरलं आणि नदीनं लाल रेती चरातच टाकायला सुरुवात केली. चर भरला. मग पाणी जुन्या सुपावर चढलं, सूप बुडालं आणि सगळ्यावर चिखलाची साय बसली.

दुसऱ्या दिवशी पाणी काढून टाकलं, ओल थोडी सुकू दिली आणि पत्र्याच्या पट्टीनं आडवा काप घेतला, वडी कापतात तसा. चिखलाखाली जुन्या सुपाची पिवळी रेती होती आणि तिच्यात बुडालेला लाल रेतीचा एक पट्टा, होडीच्या पोटासारखा. त्या पट्ट्याच्या बाहेर दोन बोटांवर लालाचा कणही नव्हता.

तो मुलगा कितीतरी वेळ त्या कापाकडे बघत उभा होता. मग लाल पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा काकाचा बोअर." आणि दोन बोटं बाजूला सरकवून म्हणाला, "अन् हा आमचा."

मित्रांनो, टाकीत जे घडलं ते खऱ्या नदीतही घडतं, आणि ते बघायला फार लांब जायला नको. आमची पूर्णा पश्चिमेला जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. त्याच्या थोडं खाली, जळगाव जिल्ह्यात, हतनूरचं धरण आहे. पावसाळ्यात बातम्यांमध्ये ऐकलं असेल, 'हतनूरचे ४१ दरवाजे उघडले.' धरण झालं त्या दिवशी पूर्णेचा उंबरठा उचलला गेला. वरून वाहत आलेलं गढूळ पाणी जलाशयाच्या तोंडाशी येतं, थबकतं आणि हातातलं ओझं खाली ठेवतं. त्या धरणात गाळ साचल्याची ओरड का होते, ते आता तुम्ही घरच्यांना सांगू शकाल. पूर्णेचा दोष नाही. थांबलेल्या पाण्यात नदी दुसरं काही करूच शकत नाही.

तुमच्या गावाजवळ लहानसं धरण किंवा पाझर तलाव असेल, तर एप्रिल-मे महिन्यात आईबाबांबरोबर त्याच्या वरच्या टोकाला जा. भिंतीकडे नव्हे, जिथं ओढा तलावात शिरतो तिथं. पाणी उतरलेलं असतं आणि ओढ्यानं आपल्याच पावसाळी गाळात चर पाडलेला दिसतो. आमच्या टाकीतला दुसरा खेळच तो. (पालकांनो, नुसतं "जा" म्हणू नका, बरोबर जा. उन्हाळ्यात गाळ वरून सुकलेला दिसतो आणि आत पाय रुततो. नदीतले रेती उपशाचे खड्डेही फार फसवे असतात.)

आमच्याच जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. तिथं धारेचं पाणी विवराच्या काठावरून खाली उतरतं आणि सरोवराला मिळतं. तिथून पुढे वाट नाही. त्या ओघळाचा समुद्र म्हणजे ते सरोवर! सरोवराचं पाणी चढलं-उतरलं की ओघळाचा उंबरठा चढतो-उतरतो. म्हणजे उंबरठा समुद्राचाच असला पाहिजे असं नाही. तळं चालतं, धरण चालतं, वाटेत आडवा आलेला काळा पत्थरही चालतो.

तरी सगळ्यात मोठा उंबरठा समुद्राचाच. आणि तो काही एका जागी बसलेला नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर फार थंडी होती. उत्तरेकडच्या देशांवर बर्फाचे डोंगरच्या डोंगर साचले होते आणि एवढं पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. चाळीस मजली इमारत होईल एवढा! सुरतेच्या पलीकडचं खंबातचं आखात तेव्हा कोरडी जमीन होती. तापीला आज जिथं समुद्र भेटतो तिथं तेव्हा भेटत नव्हता, तिला कितीतरी लांब चालत जावं लागत होतं. पुढे बर्फ वितळलं, समुद्र चढत गेला आणि साधारण सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास येऊन स्थिरावला. जगातले आजचे बहुतेक मोठे त्रिभुज प्रदेश त्या स्थिरावण्याच्या वेळेपासूनचे आहेत. समुद्र भराभर चढत होता तेव्हा नद्यांना सूप मांडायला काठच सापडत नव्हता.

इथं एका हुशार विद्यार्थिनीनं मला पकडलं. "सर, समुद्र उतरला म्हणून तापीनं खोदलं, तर ते खोदकाम आपल्या गावापर्यंत आलं का?" चांगला प्रश्न आहे. खोदकाम मुखाशी सुरू होतं आणि उलटं, वरच्या दिशेनं सरकत येतं. पण आमच्या पूर्णेपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि वाटेत तापीच्या पात्रात जागोजागी काळा पत्थर आडवा. तो फोडत यायला नदीला लाखो वर्षं लागतात. तेवढ्यात समुद्र पुन्हा चढतोसुद्धा. म्हणून समुद्राची चढउतार मुखाजवळच्या मुलखात जोरात जाणवते आणि आत येता येता तिचा आवाज विरत जातो.

मग आमच्याकडे एवढा गाळ आला कुठून? दोन-तीनशे फूट खोदूनही काळा पत्थर लागत नाही अशा जागा इथं आहेत! त्याचं उत्तर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथं जमिनीत मोठी भेग आहे. भेगेच्या उत्तरेचा भाग वर राहिला, तो सातपुडा. दक्षिणेचा भाग खाली खचत गेला आणि तिथं लांबलचक खळगा झाला. उंबरठा वर उचलला काय किंवा अंगण खाली खचलं काय, नदीच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. खळगा आहे ना, मग भरा! पूर्णा आणि सातपुड्यातून उतरणारे नदी-नाले तो खळगा भरत राहिले.

आता पाटी आणि वही यांची गंमत सांगतो, म्हणजे त्या मुलाचं कोडं सुटेल.

समजा, खळगा अगदी सावकाश खचतोय. नदी तिथं हजारो वर्षं रेंगाळते. आज इथून वाहते, शंभर वर्षांनी तिथून. वळणं घेत ती सगळं मैदान विंचरून काढते. आधी बसलेली माती पुन्हा उचलून पुढे नेते आणि जड रेती मागे ठेवते. म्हणजे पाटीवर लिहिल्यासारखं झालं. जागा एकच, पुन्हा पुन्हा पुसायचं आणि लिहायचं. अशानं रेतीचे पट्टे एकमेकांना चिकटतात आणि रुंद, सलग चादर तयार होते. तिच्यात कुठंही बोअर घ्या, रेती लागणार.

आता समजा, खळगा भराभर खचतोय किंवा उंबरठा भराभर चढतोय. नदीनं आज एक पट्टा टाकला आणि पुसायच्या आधीच तो पुराच्या चिखलाखाली गाडला गेला. पुढचा पट्टा वर, भलत्याच जागी. ही झाली वही. प्रत्येक ओळ वेगळ्या पानावर. अशा ठिकाणी चिखलाच्या जाड थरात रेतीचे सुटे सुटे पट्टे लपलेले असतात, चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापांसारखे. एकाच्या घासात येतो, दुसऱ्याच्या येत नाही.

रेतीत पाणी साठतं, कारण कणाकणांमध्ये मोकळी जागा असते आणि ती एकमेकींना जोडलेली असते. काचेच्या ग्लासात रेती भरून वरून पाणी ओता, किती मावतं ते बघून चकित व्हाल. चिकणमातीतही पाणी असतं, पण ते इतक्या बारीक फटींत अडकलेलं असतं की हलत नाही. न हलणारं पाणी धुतलं जात नाही आणि मग त्यातले क्षार साचत राहतात. सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्यांनी भरडी रेती आणि गोटे टाकले आहेत. डोंगरावरचा पाऊस तिथं सहज मुरतो, म्हणून तिथल्या विहिरी गोड. तिथून जसजसं पूर्णेकडे यावं तसतशी माती बारीक होत जाते आणि पाणी खारट. अशा मातीच्या मधूनच एखादा भरड्या रेतीचा पट्टा डोंगराकडून लांब आलेला असला, तर त्याच्यावर बसलेल्या बोअरचं नशीब उघडतं.

आता जरा गुजरातेत जाऊन येऊ. हे सारं मी पाण्यापुरतंच सांगतोय असं वाटत असेल, तर थांबा. भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसलात आणि सुरतेहून भडोचकडे निघालात, की भडोचच्या आधी अंकलेश्वर लागतं. तिथं १९६० साली खनिज तेल सापडलं. भूगोलाच्या पुस्तकात आपण पाठ करतो की नर्मदा आणि तापी या नद्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत. आजच्यापुरतं ते खरंच आहे, परीक्षेत तसंच लिहा! पण अंकलेश्वरच्या खाली, किलोमीटरभर खोल, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचा एक गाडलेला त्रिभुज प्रदेश आहे. त्या वेळी तिथं उथळ समुद्र होता आणि एक प्राचीन नदी त्यात आपलं सूप मांडत होती. कोट्यवधी वर्षांच्या ओझ्याखाली ती रेती दाबली गेली आणि तिचा वाळूचा खडक झाला. तरी कणांमधली बरीचशी जागा शिल्लक राहिली.

अभ्यासकांनी तिथल्या थरांना नावं दिली आहेत. खालून वर सांगायचं तर हजाद, कनवा, अर्दोल आणि तेलवा. नावं पाठ करू नका, क्रम बघा. हजादमध्ये रेती, कनवा चिखलाचा, अर्दोलमध्ये पुन्हा रेती, तेलवा पुन्हा चिखलाचा. ओळखीचं वाटतं ना? समुद्र हटला, नदीनं पुढे येऊन रेती टाकली. समुद्र चढला, रेतीवर चिखलाची साय बसली. पुन्हा हटला, पुन्हा चढला. आमच्या कूलरच्या टाकीतलाच खेळ, फक्त तिथं बूच काढणारा आणि लावणारा समुद्र होता.

पुष्कळांना वाटतं की जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि त्यात नळी सोडायची. तसं नसतं. तेल रेतीच्या कणांमध्ये बसलेलं असतं. त्याहूनही खालच्या जुन्या काळ्या चिखलाच्या खडकात, पुरल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांपासून ते तयार झालं. पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर वर सरकत आलं, रेतीत शिरलं आणि डोक्यावर चिखलाच्या खडकाचं छप्पर लागल्यावर तिथंच अडकलं. रेती नसती तर राहायला घर नव्हतं आणि छप्पर नसतं तर ते केव्हाच निघून गेलं असतं. समुद्राच्या एका चढउतारानं घरही दिलं आणि छप्परही. माणसांनी ठरवून बांधलं असतं तरी एवढं नेमकं जमलं असतं का, असं मला राहून राहून वाटतं.

तेल शोधणाऱ्या अभियंत्यांनाही आमच्या त्या विद्यार्थ्याचाच प्रश्न छळतो. एका विहिरीत तेल लागतं आणि थोड्याच अंतरावरची दुसरी कोरडी निघते. एका पट्ट्यातलं तेल उपसून संपतं आणि शेजारचा पट्टा मधल्या चिखलामुळे तसाच भरलेला राहतो. ही पाटी आहे की वही, चादर आहे की सुटे पट्टे, हे कळलं नाही तर खर्च पाण्यात जातो. म्हणून ते विहिरीतून दगडाचे तुकडे काढून बघतात, आवाजाच्या लाटा जमिनीत सोडून त्यांचे प्रतिध्वनी नोंदवतात आणि विचारतात की ही रेती पडली तेव्हा समुद्र चढत होता की उतरत होता, आणि किती वेगानं?

समुद्र फारच उतरला तर आणखी एक गोष्ट होते. नदीची रेती काठावर थांबतच नाही. खोल चरांतून घसरत ती थेट समुद्राच्या तळाकडे जाते. २००२ साली गोदावरीच्या मुखासमोरच्या खोल समुद्रात मोठा वायूसाठा सापडला. तो अशाच तळाकडे वाहून गेलेल्या रेतीच्या पट्ट्यांत आहे. आता तुम्ही म्हणाल, कुठं गोदावरीचं मुख आणि कुठं आमचा बुलडाणा! पण बुलडाण्याचं पठार म्हणजे दोन पाखी घराचा आढा आहे. आढ्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस पूर्णेत, तापीत आणि पुढे खंबातच्या आखातात जातो. दक्षिणेला पडलेला पैनगंगेत. पैनगंगा इथंच, आमच्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. ती वर्ध्येला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पाणी पोचतं थेट बंगालच्या उपसागरात. त्या समुद्रतळाच्या रेतीत पैनगंगेनं नेलेला एखादा कण असेलही. एकाच गावच्या पत्र्यावरचे दोन थेंब देशाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या उंबरठ्यांशी जाऊन थांबतात, हे मला तरी अजून नवलाचं वाटतं.

पण परत आमच्या धुऱ्यावर येऊ. मुलांनी ठरवलं की गावातल्या बोअरची माहिती गोळा करायची. कुठला बोअर किती खोल? माती किती फुटांवर संपली, रेती किती फुटांवर लागली, बारीक की भरडी, पाणी गोड की खारं? ज्यांचा बोअर नुकताच झाला होता त्यांच्या शेतात गाडीवाल्यानं दर वीस फुटांना काढलेल्या मातीचे ढीग अजून होते. त्यातली चिमूट चिमूट पोरांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून आणली आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या. ज्यांचे बोअर जुने, त्यांनी आठवणीवर सांगितलं. आठवणीचं काही खरं नसतं. एका आजोबांचा बोअर सकाळी दीडशे फूट होता, संध्याकाळी दोनशे झाला! अशा नोंदींपुढे आम्ही प्रश्नचिन्ह टाकलं.

पडवीच्या भिंतीवर गेरूनं गावाचा नकाशा काढला. भरडी रेती आणि गोड पाणी लागलेल्या बोअरवर निळा ठिपका, बाकीच्यांवर काळा. अकरा ठिपके झाले. त्यातले चार निळे. ते चारही साधारण एका वाकड्या रेषेत, डोंगराकडून पूर्णेकडे उतरणाऱ्या. काकांचा बोअर त्या रेषेवर. आपल्या मित्राच्या घरचा बोअर रेषेच्या बाहेर. तिथं एकशे सत्तर फुटांपर्यंत नुसती चिकणमाती आणि मग थोडी बारीक रेती, खाऱ्या पाण्याची. त्यांच्या शेताचा दुसरा कोपरा मात्र रेषेच्या जवळ येतो. अगदी वर नाही हं, जवळ.

त्या दिवशी संध्याकाळी त्याचे वडील शाळेत आले. भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "मंग सर, त्या कोपऱ्यात घेऊ का?"

आता काय सांगू? चार ठिपक्यांवरून नदी काढणं म्हणजे चार अक्षरांवरून पत्र वाचणं. चर मधेच वळलेला असू शकतो, अरुंद झालेला असू शकतो. त्यांचं सोनं गहाण पडलेलं आणि माझा तर एक अंदाज आधीच पोळ्यांच्या चळतीत चुकलेला! मी म्हटलं, "भाऊ, मी मास्तर आहे. एवढंच सांगतो की जुन्या जागेच्या शेजारी खोदू नका, आणि बुलडाण्याला भूजल सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथल्या भूवैज्ञानिकाला हा नकाशा दाखवल्याशिवाय पैसे घालू नका." नकाशा आम्ही कागदावर उतरवून दिला. बाटल्याही पिशवीत घालून दिल्या, बारा होत्या. ते सोमवारी जाणार आहेत. मुलगा बरोबर जायचा हट्ट धरून बसला आहे आणि मी त्याची सुट्टी आधीच मांडून ठेवली आहे.

तोवर तुम्ही तुमच्या गावच्या दहा बोअरची माहिती मला पाठवा. किती फुटांवर रेती, भरडी की बारीक, पाणी कसं? आणि हो, आजोबांना दोनदा विचारा.

तुमचे,
गुरुजी